लखपत: पत गेली, तट उरला

तट सात किलोमीटर लांब आणि आत राहणारी माणसं ५६६. हा २०११ च्या जनगणनेचा आकडा, घरं १०८. भागाकार केला तर माणशी सव्वाबारा मीटर तट येतो. मुंबईत कुणाला सव्वाबारा मीटर भिंत फुकट मिळाली, तर तो तिला टेकून दोन खोल्या काढेल आणि एक भाड्यानं देईल. लखपतमध्ये त्या भिंतीच्या सावलीत शेळ्या बसतात.

गाव कच्छमधलं. भुजहून पश्चिमेला सुमारे १३५ किलोमीटर. नखत्राणा, माता नो मढ, घडुली असं करत रस्ता जिथे संपतो तिथे हा तट दिसतो. तटापलीकडे कोरी खाडी, खाडीपलीकडे चिखल आणि तिवरं, त्यापलीकडे सर क्रीक आणि मग पाकिस्तान. कोरी खाडी म्हणजे सिंधूच्या त्रिभुज प्रदेशाचं सर्वांत पूर्वेकडचं मुख. सिंधूचं मुख म्हटलं की आपल्याला कराची, ठट्टा आठवतं. त्या मुखांपैकी एक भारतात आहे आणि त्याच्या काठावर एक तटबंद गाव आहे, हे शाळेच्या नकाशात काही शिकवलेलं नव्हतं.

या लेखाचा प्रश्न साधा आहे: एवढा तट बांधायची ऐपत असलेलं बंदर पाचशे माणसांवर कसं आलं? माहितीफलक, गाडीवाले, प्रवासवर्णनं, सगळ्यांकडे उत्तर तयार असतं: १८१९ साली भूकंप झाला, सिंधूनं पात्र बदललं, गाव ओस पडलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही हेच वहीत लिहून आणलं होतं. नंतर जुन्या नोंदी एकेक करून समोर ठेवल्यावर लक्षात आलं की भूकंप या प्रकरणातला मोठा आरोपी आहे खरा, पण एकटा नाही. आणि नदी गेली ती १८१९ मध्ये नव्हेच.

नावापासून सुरुवात करू. रोज लाख कोरींची उलाढाल व्हायची म्हणून लखपत, असं लोक सांगतात. कोरी हे कच्छ संस्थानचं चांदीचं नाणं. पुढे इंग्रजी अमलात ३७९ कोरींना १०० रुपये असा हिशेब होता. दुसरी व्युत्पत्ती कमी चमकदार आहे: राव लाखा नावाच्या राजाचं गाव, म्हणून लखपत. मला दुसरी जास्त पटते, पण मराठी कानाला पहिलीच गोड लागते, कारण आपल्याला त्यात ‘पत’ ऐकू येते. लाखाची पत. गंमत म्हणजे नाण्याचं नाव कोरी आणि खाडीचंही कोरी.

फाटा कसा चालायचा

त्रिभुज प्रदेशातली नदी एका जागी बसत नाही. गाळ टाकत टाकत ती आपलंच पात्र उंच करते, मग बाजूचा सखल भाग सापडला की तिकडे वळते. सिंधूचं हे हजारो वर्षं चाललेलं आहे. तिचा पूर्वेकडचा फाटा वर नारा, खाली पुरण आणि मुखाशी कोरी अशा नावांनी कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला येऊन समुद्राला मिळायचा. अठराव्या शतकात हा फाटा म्हातारा झालेलाच होता. मुख्य धार कधीच पश्चिमेला सरकलेली. पण पावसाळ्यात आणि हिमालयातलं बर्फ वितळलं की पुराचं पाणी इकडेही यायचं, आणि लखपतला तेवढं पुरत होतं.

दोन गोष्टींना पुरत होतं. एक, भात. कच्छमध्ये आज कुणी भातशेती म्हटलं तर हसतील, पण लखपतच्या वरचा सायरा नावाचा पट्टा या गोड्या पाण्यावर भात पिकवत होता. दुसरं, नावा. लखपतहून सपाट तळाच्या होड्या फाट्यातून वर सिंदरीपर्यंत जात. तिथे कच्छच्या रावांची छोटी गढी होती; सिंधला जाणाऱ्या मालावर तिथे जकात बसे. तिथून पुढे सिंध. म्हणजे लखपत हे नुसतं समुद्रावरचं बंदर नव्हतं. समुद्राचा माल नदीत आणि नदीचा माल समुद्रात घालणारा तो नाका होता. अशा गावाचा धंदा दोन्ही बाजूंवर उभा असतो आणि एक बाजू ढासळली तर दुसरी फार दिवस तग धरत नाही.

फावड्याची लढाई

सिंधवर तेव्हा कलहोरा घराण्याची सत्ता होती आणि गादीवर गुलामशाह. हा सामान्य माणूस नव्हे. सिंधमधलं हैदराबाद त्यानंच १७६८ साली वसवलं. कच्छमध्ये राव गोडजी दुसरे. १७६२ साली गुलामशाह कच्छवर चालून आला आणि झाराच्या डोंगराशी लढाई झाली. कच्छच्या फौजेचा तिथे जो संहार झाला त्याची आठवण तिकडे आजही काढली जाते. लढाई जिंकूनही त्याला भुज काही घेता आलं नाही. मग त्यानं वेगळी वाट काढली. सिंधमध्ये परतल्यावर मोरा नावाच्या ठिकाणी त्यानं पूर्वेच्या फाट्यावर मातीचा बांध घातला आणि पाणी आपल्याकडच्या कालव्यांत वळवलं.

तलवारीनं राहिलेलं काम फावड्यानं झालं. नदीवर मोठं धरण घालायला इंजिनिअर लागतात. पण म्हाताऱ्या फाट्याला, उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना, मातीचा बांध पुरतो. बांध एका पावसात वाहून गेला तरी दुसऱ्या वर्षी तो घालणारी माणसं वर बसलेलीच असतात. खाली सायऱ्यात पाणी येईना. भाताच्या जमिनीत भरतीचं खारं पाणी शिरलं आणि ते धुऊन न्यायला गोडं पाणी राहिलं नाही. काही वर्षांत तो पट्टा रणाचाच भाग झाला.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणाची खरी तारीख ही आहे. भूकंपाच्या साधारण साठ वर्षं आधी.

यापुढे एक योगायोग आहे, तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. साल १८०१. कच्छचा कारभार जमादार फत्ते महंमद या माणसाच्या हातात. साध्या शिपाईगिरीतून वर आलेला हा माणूस १७८६ पासून १८१३ मध्ये मरेपर्यंत, मधली उलथापालथ सोडली तर, कच्छचा खरा धनी होता. गादीवरचे राव नावाला. त्यानं लखपतचा तट वाढवून नव्यानं बांधला, आत शिबंदी ठेवली. आज आपण पाहतो तो सात किलोमीटरचा तट हाच. आणि साधारण त्याच सुमारास, १८०२ मध्ये, वर सिंधमध्ये तालपूर घराण्याच्या अमीर फत्ते अलींनी अली बंदर इथे याच फाट्यावर आणखी एक बांध घातला. एक फत्ते खाली दगडाचा तट उभारतोय, दुसरा फत्ते वर मातीचा बांध घालतोय. दोघांत जास्त दूरवर पोचला तो मातीवाला.

मग नदी घुसमटलेली असताना जमादारानं एवढा तट कशाला बांधला? मला वाटतं, त्याचं कारण नकाशात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. गोडं पाणी कमी झालं होतं, पण सिंधचा व्यापार अजून लखपतवरूनच चालला होता. आणि तट शत्रूसाठी असतो तितकाच जकातीसाठीही असतो. दरवाजे बंद केले की कोण आत आलं, काय घेऊन गेलं, सगळं मोजता येतं. तटावर चढून पाहिलं तर हे पटतं. भिंत उंच आहे, बुरूज गोल आणि देखणे आहेत, पण जाडी फार नाही. मोठ्या तोफांच्या माऱ्याला ती किती टिकली असती याची शंका येते. चोरट्या मालाला मात्र ती भक्कम होती.

१६ जून १८१९

पेशवाई बुडून जेमतेम एक वर्ष झालं होतं. कच्छमध्ये इंग्रजांचा रेसिडेंट कॅप्टन मॅकमर्डो भुजला येऊन बसला होता. संध्याकाळी सातच्या आसपास जमीन हलली. भुज कोसळलं. दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे झुलते मनोरे पडले. आज तिथे गेलात तर नुसती खालची बुडखी दिसतात, ती या भूकंपाची. मेलेल्यांचा अंदाज दीड-दोन हजारांचा. मॅकमर्डोनं या भूकंपाच्या हकिकती गोळा करून जो मजकूर लिहिला तो मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. ही संस्था म्हणजे आजची टाऊन हॉलमधली एशियाटिक. कच्छच्या चिखलातली ही गोष्ट जगापुढे गेली ती अशी मुंबईवरून.

सर्वांत विचित्र प्रकार सिंदरीला झाला. लखपतच्या वर, फाट्याच्या काठावरची ती जकातीची गढी. जमीन खचली आणि कोरीच्या मुखातून समुद्र आत घुसला. काही तासांत सुमारे दोन हजार चौरस मैलांचा, म्हणजे पाच हजार चौरस किलोमीटरांहून मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. गढीतली माणसं एका बुरुजावर चढली. चारी बाजूंना पाणी, खाली आपलंच घर बुडालेलं. रात्र तशीच काढली असणार. दुसऱ्या दिवशी त्यांना होड्यांनी उतरवून आणलं. ज्या बुरुजावरून होड्यांची जकात मोजायची त्याच बुरुजावरून होडीत बसायची वेळ आली.

त्यांना तिथून उत्तरेकडे आणखी एक गोष्ट दिसली. साडेपाच मैलांवर, आदल्या दिवशीपर्यंत सपाट असलेल्या रणात, पूर्व-पश्चिम एक लांबच लांब उंचवटा उभा होता. पुढे मोजणी झाली तेव्हा त्याची लांबी ऐंशी किलोमीटरच्या वर भरली आणि काही ठिकाणी उंची वीस फुटांच्या आसपास. भूशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर जमिनीखालच्या एका भेगेवर उत्तरेचा भाग दक्षिणेवर चढला. उत्तर उचलली गेली, दक्षिण खचली. लोकांनी मात्र त्याला एका शब्दात नाव दिलं: अल्लाह बंद. देवाचा बांध. हे नाव कुठून आलं ते मागची साठ वर्षं माहीत असल्याशिवाय कळत नाही. त्या लोकांनी गुलामशाहचा बांध पाहिला होता, फत्ते अलींचा पाहिला होता. हा कुणी बांधला नव्हता, म्हणून हा देवाचा.

सगळे जिथे गोष्ट संपवतात ती ही जागा: बांध आला, नदी अडली, लखपत संपलं.

पण लखपतच्या तटाखालची खाडी काय सांगते ते पाहा. भूकंपाआधी तिथे ओहोटीला जेमतेम एक फूट पाणी असायचं आणि भरतीला सहा फुटांच्या वर कधी जायचं नाही. माणूस चिखल तुडवत चालत पलीकडे जाऊ शके. भूकंपानंतर तिथे ओहोटीला अठरा फुटांहून जास्त पाणी मोजलं गेलं. चार्ल्स लायेलनं आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात ही मापं दिली आहेत. तो असंही म्हणतो की जी अंतर्गत जलवाहतूक किती तरी काळ बंद होती ती या उलथापालथीनं काही भागांत पुन्हा शक्य झाली.

म्हणजे भूकंपानं बंदर खोल केलं! लखपत खचलेल्या बाजूला, दक्षिणेला होतं. त्याच्या वाट्याला जास्त पाणी आलं. फक्त ते खारं होतं. चिखलाची खाडी एका रात्रीत गलबतांची झाली आणि भाताची उरलीसुरली आशा त्याच रात्री बुडाली. दोन्ही एकाच कारणानं.

पुढे १८२६ साली सिंधूला मोठा पूर आला. वरचे माणसांनी घातलेले बांध एकामागोमाग एक फुटले आणि पाण्यानं देवाच्या बांधालाही खिंड पाडली. अलेक्झांडर बर्न्स हा इंग्रज अधिकारी १८२७ आणि १८२८ मध्ये तिथे फिरला, त्यानं ही खिंड पाहिली. सिंदरीचा एकच बुरूज तेव्हा पाण्यातून डोकं वर काढून उभा होता. म्हणजे ज्या नदीनं १८१९ साली कायमचं पात्र बदललं असं फलकावर लिहिलेलं असतं, ती सात वर्षांनी पुन्हा येऊन गेली. आली आणि थांबली नाही, हे खरं. वर कालव्यांना पाणी हवंच होतं.

आकडे कुणाच्या बाजूनं?

इथे माझ्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा मांडायला हवा. १८१८ साली लखपतची वस्ती पंधरा हजार असल्याचं सांगतात, १८२० मध्ये सहा हजार. दोन वर्षांत नऊ हजार माणसं गेली तर भूकंपाशिवाय दुसरं काय कारण असणार? मान्य. पंधरा हजार हा आकडा गोल आहे, मोजलेला कमी आणि अंदाजलेला जास्त वाटतो, तरी मोठी गळती झाली यात वाद नाही. शिवाय लखपतमधली बरीच वस्ती बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांची आणि सिंधमधून आलेल्यांची होती. अशा माणसांची मुळं वखारीत असतात, शेतात नसतात. जमीन हलल्यावर ती आधी उठतात.

पण उरलेल्या सहा हजारांचं काय? १८८० मध्ये अडीच हजार. २००१ मध्ये ४६३. ही गळती एकशे ऐंशी वर्षांची आहे आणि ती एका संध्याकाळच्या भूकंपावर ढकलता येत नाही.

गावातच याचा एक पुरावा उभा आहे. घौस महंमद नावाचे सूफी पीर इथे होऊन गेले, १८५५ मध्ये वारले. त्यांचे अनुयायी हिंदूही होते, मुसलमानही. त्यांच्या भावानं अनुयायांकडून पैसा जमवून कबरीवर वास्तू बांधली. तिकडे तिला कुबो म्हणतात. काळ्या दगडाची, अष्टकोनी. भिंतीवरची पानाफुलांची कोरीव जाळी इतकी बारीक आहे की बोट फिरवताना दगडापेक्षा लाकडाचा भास होतो. आवारातल्या कुंडाच्या पाण्यानं कातडीचे रोग बरे होतात अशी श्रद्धा आहे. भूकंपाला छत्तीस वर्षं झाल्यावर, ज्या गावाला सगळे ‘मेलेलं’ म्हणतात, त्या गावानं हे काम उभं केलं. वर्गणी द्यायला माणसं होती, दगड कोरायला कारागीर मिळत होते.

मग १८५५ नंतर काय बिघडलं? माझं उत्तर: कराची. इंग्रजांनी १८३९ मध्ये कराची घेतली, १८४३ मध्ये अख्खा सिंध. १८६१ मध्ये कराची ते कोटरी रेल्वे सुरू झाली. सिंधूवरून आलेला माल आता कोटरीला डब्यात चढायचा आणि थेट मोठ्या बंदरात उतरायचा. त्याला पूर्वेच्या फाट्यातून, दोन सरकारांच्या जकाती भरत, लखपतला यायचं कारणच उरलं नाही. खाडी अठरा फूट खोल असो की अठ्ठावीस. नाक्यावरचं गाव वाहतूक असेपर्यंतच गाव असतं; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या किती हॉटेलांचे पत्रे गंजले ते आपण पाहिलंच आहे. लखपतचे व्यापारी मांडवीला गेले, कराचीला गेले, मुंबईला आले. भात बाजारात किंवा मशीद बंदरला जुन्या कच्छी पेढ्या दिसतात, त्यांच्यातल्या कुणाच्या पणजोबाचं घर या तटाच्या आत पडलेलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सरपणाचा ढीग

इथवरचं लखपत हे उतरती कळा लागलेलं बंदर होतं. ते सीमेवरचं गाव कसं झालं ते वेगळं प्रकरण आहे, आणि त्याची सुरुवात सरपणानं होते. १९०८ च्या सुमारास कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या एका खाडीच्या काठावर लाकडाचा ढीग पडला होता. तो कुणाचा, यावरून कच्छचे राव आणि सिंधचा इंग्रजी कारभार यांच्यात वाद झाला. ती खाडी म्हणजे सर क्रीक. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे निवाडा मुंबई सरकारकडे. १९१४ मध्ये सरकारनं ठराव केला, नकाशा जोडला. नकाशातली हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठानं जाते. ठरावाच्या मजकुरात मात्र अशा खाड्यांची हद्द पात्राच्या मधोमध असते असा सूर आहे. तेव्हा कुणाला फारसा फरक पडला नाही, कारण दोन्ही बाजूंना शेवटी इंग्रजच होते. आज पाकिस्तान रेघ दाखवतो, भारत मधोमध म्हणतो, आणि जवळपास शंभर किलोमीटरच्या या चिखलाच्या खाडीवर समुद्रातली हद्द कुठून मोजायची ते अडून बसलं आहे. मधोमध धरावं तर आणखी एक पंचाईत: त्रिभुज प्रदेशातली खाडी सरकत असते.

१९४७ नंतर लखपतच्या समोरचा सिंध परदेश झाला. कच्छ १९४८ मध्ये केंद्राच्या थेट अमलाखाली आलं. १९५६ ते १९६० ही चार वर्षं ते मुंबई राज्यात होतं, म्हणजे लखपतचे कागद तेव्हा मुंबईच्या सचिवालयात यायचे. मग गुजरात.

एप्रिल १९६५ मध्ये पाकिस्तानी फौजेनं रणातल्या सरदार चौकीवर हल्ला केला. तेव्हा तिथे केंद्रीय राखीव पोलीस दलाची तुकडी होती. ९ एप्रिल हा दिवस ते दल अजून शौर्य दिन म्हणून पाळतं. सीमेवर पोलिसांच्या जिवावर भागणार नाही हे तिथे कळलं, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. लखपतच्या तटावर आज जे जवान दिसतात ते या दलाचे.

रणाचा वाद तीन जणांच्या न्यायाधिकरणाकडे गेला. अध्यक्ष स्वीडनचे, भारतानं सुचवलेले युगोस्लाव्हियाचे, पाकिस्ताननं सुचवलेले इराणचे. त्यांच्यापुढचा युक्तिवाद वाचताना मला सारखी सिंदरी आठवत राहिली. पाकिस्तानचं म्हणणं: रण हा मुळात समुद्र आहे, म्हणून हद्द त्याच्या मधून जावी. भारताचं म्हणणं: रण ही जमीन आहे आणि ती सगळी कच्छची. जी जागा पावसाळ्यात पाणी असते आणि उन्हाळ्यात मीठ, जिथे एका संध्याकाळी पाच हजार चौरस किलोमीटरांचा समुद्र झाला होता, तिला काय म्हणायचं ते तीन परदेशी माणसांनी ठरवायचं होतं. १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा लागला. वादातल्या प्रदेशापैकी साधारण नव्वद टक्के भारताकडे, दहा टक्के पाकिस्तानकडे. त्या दहा टक्क्यांवरून आपल्याकडे सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सर क्रीक या निवाड्यात नव्हतीच. ती तशीच राहिली. ऑगस्ट १९९९ मध्ये, कारगिल संपून महिना होत नाही तोच, याच भागात भारतीय हवाई दलानं पाकिस्तानी नौदलाचं टेहळणी विमान पाडलं आणि त्यातले सोळाही जण गेले.

लखपतला याचा परिणाम रोजच्या जगण्यात दिसतो. खाडी समोर आहे, पण तिच्यात उतरायचं तर वर्दीवाल्यांना विचारून.

आतलं गाव

तटाच्या आत चालायला लागलं की बराच वेळ गावच लागत नाही. पडक्या चौथऱ्यांच्या रांगा, बाभळी, मधूनच एखादी कमान. मग अचानक पंजाबी भजनाचा आवाज येतो. गुरुद्वारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नांदेड येतं, संगमरवर आणि सोनं. इथला गुरुद्वारा म्हणजे कौलारू छपराचा, कोरीव दाराचा एक जुना वाडा. गुरू नानक मक्केला जाताना या बंदरावरून गेले अशी परंपरा आहे. त्यांच्या लाकडी पादुका आणि पालखी इथे जपून ठेवली आहे. उदासी पंथाच्या साधूंनी ती जागा सांभाळली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात इमारतीला तडे गेले. दुरुस्ती करताना सिमेंटचा मोह टाळून जुन्या पद्धतीचा चुना वापरला, आणि २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार या कामाला मिळाला. १८१९ नं गाव रिकामं केलं असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं: २००१ ते २०११ या दहा वर्षांत लखपतची वस्ती शंभरानं वाढली.

तालुक्यात बाकी कामधंदा आहे. पानंध्रोला लिग्नाइटच्या खाणी आहेत, त्यावर वीज केंद्र चाललं. खाडीच्या तिवरांत फकिराणी जत या उंट पाळणाऱ्या समाजाचे खाराई उंट चरतात. हे उंट भरतीत पोहून बेटांवर जातात आणि खारी पानं खाऊन परत येतात. २०१५ मध्ये खाराईला उंटांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. गोडं पाणी गेल्यावर जे उरलं त्यावर जगणारी ही एकमेव मंडळी असावीत, ज्यांना लखपतबद्दल कसलीच तक्रार नाही.

तटाच्या एका बुरुजावर चढायला दगडी पायऱ्या आहेत, झिजून मधे खोलगट झालेल्या. वर वारा इतका की वहीची पानं धरून ठेवावी लागतात. समोर पाणी असेल म्हणून बघावं तर राखाडी चिखलाचं मैदान, त्यावर मिठाची पांढरी साय आणि फार लांब एक चमकती रेघ. अठरा फूट कुठे गेले असं वाटतं. गाळानं त्याचं काम चालूच ठेवलं आहे.

उतरून लंगरमध्ये जेवलो. रोटी, डाळ, वर वाटीभर ताक. ताट घासायला नळाशी गेलो तर नळाला चांगली धार होती. कच्छमध्ये २००३ पासून पाइपातून नर्मदेचं पाणी येतं, अमरकंटकहून निघून आपल्या नंदुरबारच्या कडेनं गेलेलं आणि सरदार सरोवराला अडवलेलं. ताट विसळलं, नळ घट्ट बंद केला. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला.